चार इस्पिकं आणि दिवसाची पाळी

हल्ली बारामतीच्या पेठेतून निघालो की कुणीतरी हटकून विचारतं, “काय वकीलसाहेब, इस्पिकं काय म्हणतात?” आणि दात काढतं. परवा तर माझ्याच अशिलानं भर कोर्टाच्या आवारात विचारलं. म्हणून झालं काय ते एकदाचं सांगून टाकतो. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं, फक्त माझ्या ओसरीवर बसून हसू नये. माझं डोकं आधीच तापलेलं आहे.

सगळ्याचं मूळ मोसंबीत आहे. गावाबाहेर कालव्याच्या चारीवर आमची थोडी जमीन आहे. तिच्यात आमच्या यशोदेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मोसंबीची बाग लावली. लावली म्हणजे माझ्यासारखं काठी टेकून ‘इथं लावा’ असं सांगून नव्हे. स्वतः उभं राहून खड्डे घेतले, कलमं आणवली, पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक कलमाला ताट्यांची सावली केली. लेकरांसारखी झाडं वाढवली असं म्हणवत नाही, कारण लेकरांना ती मारते. झाडांना तिनं कधी बोटही लावलं नाही. सन चौतीसच्या उन्हाळ्यात त्या बागेला पहिली फळं धरली, लिंबाएवढी. आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात पाण्याची आमची पाळी रात्रीची आली.

ज्यांना कालवा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चारी म्हणजे कालव्यातून फुटलेला पाट. तिच्यावरच्या प्रत्येकाची पाण्याची वेळ ठरलेली असते. ती त्याची पाळी. त्या वेळेला आपल्या माणसानं फावडं घेऊन रानात उभं राहायचं आणि एकेका वाफ्याचं दार फोडत पाणी फिरवायचं. पाळी हुकली की पाणी पुढच्याच्या रानात जातं आणि आपण पुढची पाळी येईस्तोवर कपाळाला हात लावून बसायचं.

आमचा गडी गेणबा. त्याला म्हटलं, रात्री दारं धरायला जा. तो म्हणाला, “मालक, चारीच्या कडंला लांडगा हाय.”

“तू पाहिलास?”

“न्हाय. पर त्यानं मला बघितलाय.”

आता या पुराव्याची उलटतपासणी कशी घ्यायची? मी रागावलो, ओरडलो, ‘चालता हो’ म्हणालो. तो चालता झाला आणि सकाळी पुन्हा आला. दिवसा तो उत्तम गडी आहे. पण पाळी हुकली ती हुकलीच. पुढची पाळीही तशीच गेली. मी स्वतः का गेलो नाही असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच की मी वकील आहे. शिवाय लांडगा होताच.

झाडांची पानं वळायला लागली. फळं गळायला लागली. विहिरीनं तळ गाठला होता, तरी यशोदा रोज सकाळी कळशी घेऊन बागेत जायची आणि एकेका झाडाच्या बुडाशी चूळ भरल्याएवढं पाणी घालायची. माझ्याशी बोलणं तिनं बंद केलं होतं. एके दिवशी तेवढं म्हणाली, “आणखी एक पाळी हुकली तर झाडं सरपणाला जातील. मग तुमच्या चहाला जळण होईल.”

मी उठलो तो तडक अर्ज लिहायला बसलो. दिवसाची पाळी मिळावी म्हणून असा अर्ज लिहिला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. तो घेऊन मी एका कचेरीत गेलो. कुठली ते सांगत नाही, मला अजून या तालुक्यात वकिली करायची आहे. तिथला कारकून म्हणाला, दिवसाच्या पाळ्यांचं काम इंदापूरला. सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला निघालो. मोटार भिगवणला बसली आणि उठेचना. मोटारवाला म्हणाला, “उतरा आन् जरा ढकला.” कोट, टोपी, उपरणं अशा वेषात मी मोटार ढकलली. इंदापूरला पोचलो तर तिथला कारकून अर्ज उलटासुलटा करून म्हणाला, “तुमची पाळी सध्या कधीची?”

“रात्रीची.”

“मग रात्रीचं काम बारामतीला.”

“अहो, पण मला दिवसाची हवी आहे!”

“दिवसाची झाली की इकडे या.”

त्या माणसाला मी काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. त्यानं शांतपणे पानाला चुना लावला आणि मला विचारलं, खाणार का.

परत आलो तर ओसरीवर आमचे शेजारी रामहरी मास्तर बसलेले. यांना जगातल्या प्रत्येक विषयावर सल्ला देता येतो, आणि कुणी न विचारता देता येतो. म्हणाले, “नीळकंठराव, अर्ज कसले करता? कालव्यावरचे ओव्हरसियर बापूसाहेब पत्त्यांचे वेडे आहेत. रविवारी दुपारी बंगल्यावर जा, चार डाव खेळा, काम करून या.”

गेलो. बापूसाहेबांनी माझं म्हणणं ऐकलं आणि म्हणाले, “सोपं आहे. चारीवरच्या दोघांनी आपसांत पाळी बदलून घेतली तर माझी हरकत नाही. दिवसाची पाळी हिंदुरावांची आहे. त्यांना विचारा. ते हे काय, इथंच बसलेत.”

हिंदुराव खरोखरच व्हरांड्यात बसलेले होते. कोपरापर्यंत बाह्या, मांडीवर फेटा, आणि तोंडावर ते नेहमीचं हसू. मोठे बागाईतदार. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारायचा बेत तिथंच सोडला. कारण असं, की बांधाच्या एका दाव्यात मी त्यांच्या भावकीचा वकील होतो. भर कोर्टात त्यांना ‘खोटं बोलणारा इसम’ असं म्हटलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, “तुमी शिकल्यालं मानूस, म्हनत असाल तर आसंल.” आणि सगळं कोर्ट हसलं होतं. दावा आम्ही हरलो. अशा माणसापुढे मी हात पसरू? पाणी मागू? जीव गेला तरी नाही! पण जिंकून घ्यायला काय हरकत होती? जिंकलेल्या वस्तूला उपकाराचा वास नसतो.

“मलाही शिकवा की हा खेळ,” मी बापूसाहेबांना म्हणालो.

खेळाचं नाव पोकर. बापूसाहेब तो पुण्यात गोऱ्या इंजिनियरांकडून शिकलेले. प्रत्येकाला पाच पानं. मग बोली, आमच्याकडे चिंचोक्यांची. मग नको ती पानं टाकून नवी घ्यायची, पुन्हा बोली चढवायची. ज्याला भीती वाटेल त्यानं पत्ते पालथे घालून गप्प बसायचं. शेवटपर्यंत टिकतील त्यांच्यात ज्याची पानं भारी त्याचा डाव. खेळायला पाच-सहा जण हवेत, पण डॉक्टरांची बदली झाली, पोस्टमास्तरांना बायकोनं बंदी केली, आणि आता हे दोघंच उरले होते. मी तिसरा.

“तिघंच असलो की शास्त्र बदलतं,” बापूसाहेब डोळे बारीक करून म्हणाले. “भरल्या पंगतीत कुणा ना कुणाकडे भारी पानं असतातच. तिघांत बहुतेक सगळे कंगालच. म्हणून अर्धा हातसुद्धा पुऱ्या हातासारखा दामटायचा. समजा, पाचांतली चार इस्पिकं आली. पाचवं आलं, पाचही पानं एकाच रंगाची झाली, तर हात भारी. पण ते यायची वाट बघत बसायचं नाही. आत्ताच बोली चढवायची, दरडावून चढवायची! समोरचे घाबरून पत्ते टाकतील, डाव तुमचा. नाहीच टाकले, तरी पाचवं इस्पिक यायची आशा आहेच. दोन्हीकडून फायदा.”

मला हे शास्त्र फार आवडलं. वकिलीत आम्ही दुसरं काय करतो?

घरी येऊन यशोदेला समोर बसवलं. तिनं बोलायचं बंद केलेलं होतं, पण हाती पत्ते घेतले. मी बोली चढवली, तिनं पत्ते टाकले. पुन्हा चढवली, पुन्हा टाकले. संध्याकाळपर्यंत एकही डाव मी हरलो नाही. शास्त्र खरं असल्याची माझी खात्री पटली. वरणाला फोडणी द्यायची असल्यामुळे ती पत्ते न बघताच टाकत होती, हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

पुढच्या रविवारी मी बंगल्यावर छाती काढून गेलो. हातात चार बदाम आले. मूठभर चिंचोके मध्ये सारले आणि दरडावून म्हणालो, “चढवले!” बापूसाहेबांनी शास्त्राप्रमाणे पत्ते टाकले. हिंदुरावांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि तेवढेच चिंचोके मोजून पुढं केले.

“बघा हं, हिंदुराव,” मी म्हणालो. “आणखी चढवतोय.”

“चढवा की. तुमी येवढ्या आग्रहानं वाडताय, न्हाय कसं म्हनायचं?”

पाचवा बदाम आला नाही. हिंदुरावांकडे नुसती तिर्र्यांची जोडी होती, पण माझ्याकडे तेवढीही नव्हती. डाव त्यांचा.

पुढचा डाव तसाच. त्याच्या पुढचाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं की हा माणूस माझी बोली ही धमकी समजतच नाही, पंगतीतला आग्रह समजतो! आमच्याकडे वाढणाऱ्यानं लाडू पुढं केला की पाहुण्यानं एकदा पानावर आडवा हात धरायचा आणि दुसऱ्यांदा मुकाट्यानं घ्यायचा. नाही घेतला तर यजमानाचा अपमान. तसं मी चिंचोके पुढं करायचे आणि यांनी माझं मन मोडू नये म्हणून घ्यायचे. पत्ते टाकणं म्हणजे त्यांच्या मते भरल्या पानावरून उठणं. गोऱ्या इंजिनियरांच्या शास्त्रात असल्या माणसाची सोयच नाही. जो घाबरतच नाही त्याला घाबरवायचं कसं? आणि निदान शूर असता तरी मी समजलो असतो, हा नुसता सभ्य होता!

मी बापूसाहेबांवर संतापलो. ते म्हणाले, “शास्त्र बरोबर आहे. तुमचा दरारा कमी पडतो.”

रामहरी मास्तर म्हणाले, “भुवया. भुवया आक्रसून बघा. आमच्या शाळेत मी नुसत्या भुवयांवर वर्ग चालवतो.”

पुढच्या बैठकीला मी भुवया आक्रसल्या, दात आवळले, नाकपुड्या फुगवल्या. हिंदुराव पत्ते खाली ठेवून म्हणाले, “दाढ ठनकतीय व्हय, वकीलसाहेब?” आणि बंडीच्या खिशातनं लवंग काढून दिली. नाही कसं म्हणायचं? चघळली. तोही डाव गेला.

इकडे बाग वाळत होती. बागेत पाय ठेवला की गळलेली फळं चपलेखाली फुटायची. यशोदा ती ओच्यात गोळा करायची आणि घरी आणून सुपात ठेवायची. ते सूप माझ्या बैठकीच्या दारात असायचं. मुद्दाम ठेवत होती की काय देव जाणे, पण मला प्रत्येक वेळी ते ओलांडून जावं लागायचं. मी दोनदा ओरडलो, सूप हलवा म्हणून. तिनं हलवलं नाही. पाळी सोमवारवर आली होती.

रविवारी दुपारी मी बंगल्यावर गेलो आणि चिंचोक्यांची पिशवी बाजूला सारली.

“आज पाळी लावू,” मी म्हणालो. “मी जिंकलो तर या खेपेला हिंदुरावांची दिवसाची पाळी मला, माझी रात्रीची त्यांना. हरलो तर माझीही पाळी त्यांनाच.”

“लावा की,” हिंदुराव म्हणाले. तंबाखू लावा म्हटल्यासारखं!

यशोदेला मी हे सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं झालं की सांगणार होतो.

बापूसाहेबांनी पत्ते वाटले. मी पानं उचलली. इस्पिक एक्का, इस्पिक राणी, इस्पिक नव्वी, इस्पिक चव्वी. पाचवी कसली तरी बदामाची छक्की. चार इस्पिकं! बापूसाहेबांनी सरकारी कालवा पणाला लावायचा नाही एवढं भान ठेवून स्वतःचे पत्ते टाकले आणि खुर्ची जवळ ओढली.

मी छक्की टाकून एक पान मागितलं. हिंदुरावांना विचारलं, किती? ते म्हणाले, “मला नगं. हायती बरी हायती.”

एकही पान न बदलणारा माणूस म्हणजे हात भरलेला माणूस. मी माझं नवं पान हळूहळू वर केलं. चौकट दुर्री.

हातात काही नाही. अगदी काही नाही! पण शास्त्र सांगतं, अशा वेळी माघार घ्यायची नाही. आला तसाच दामटायचा. मी म्हणालो, “चढवली. या खेपेची नव्हे. उन्हाळाभरच्या सगळ्या पाळ्या.”

बापूसाहेब “वा!” म्हणाले. हिंदुरावांनी मान डोलवली. चेहऱ्यावर तेच हसू. म्हणाले, “बरं. तुमी येवढं म्हनताय तर—”

आणि माझं डोकं फिरलं. खुर्ची मागं पडली, ती कधी पडली मला कळलं नाही.

“म्हणताय तर काय? टाका ना ते पत्ते! माणसासारखे घाबरा की एकदा! किती आठवडे मी इथं घसा फोडतोय, भुवया आवळतोय, लवंगा चघळतोय! तिकडे झाडं मरताहेत माझी! गडी रात्रीचा जात नाही, त्याला लांडग्यानं बघितलाय. कचेरीत एक म्हणतो तिकडे जा, दुसरा म्हणतो इकडे या. बायको कळशी कळशीनं पाणी घालतेय आणि गळलेली फळं सुपात भरून माझ्या दारात ठेवतेय! पहिली फळं आहेत तिची, हिंदुराव! टाका ते पत्ते! तुमच्या पाया पडतो, पण टाका!”

कालव्याच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

हिंदुरावांनी पत्ते टाकले.

ते पालथे घालायचं त्यांना सुचलं नाही. उताणेच पडले. तीन राजे आणि दोन दश्श्या. एवढा भारी हात त्या व्हरांड्यात कुणाला कधी लागला नव्हता.

“अहो हिंदुराव!” बापूसाहेब किंचाळले. “जिंकला होतात तुम्ही!”

“म्हाईत हाय की,” हिंदुराव म्हणाले. हसू गेलं होतं. माझ्याकडे वळून म्हणाले, “झाडं वाळाय लागली आन् तुमी पत्तं खेळत बसला? वैनी कळशीनं पानी घालत्यात? आवं, बांदावरनं येक हाक मारायची. दोन्ही रानांत मिळून येक बांद हाय आपला.”

“मी मागितलेलं नाही,” मी म्हणालो. माझा आवाज नको तेवढा चढला होता. “तुम्ही पत्ते टाकलेत. नियमाप्रमाणे मी जिंकलोय.”

“व्हय, व्हय. जितला.”

“शंभर टक्के जिंकलेत!” बापूसाहेब टेबलावर हात आपटत म्हणाले. “अर्धा हात दामटला, समोरच्यानं पत्ते टाकले! नीळकंठराव, शास्त्र सिद्ध झालं!” त्या गृहस्थांना त्या क्षणी कालव्यात ढकलून द्यावं असं मला फार वाटलं. पण त्यांचीच संमती हवी होती, म्हणून नमस्कार केला.

सोमवारी उन्हं वर आल्यावर आमच्या बागेत पाणी शिरलं. गेणबा फावडं घेऊन उड्या मारत होता. यशोदा लुगड्याचा काचा मारून चिखलात उभी होती आणि एकेका आळ्यात पाणी भरताना बघत होती. झाडाचं खोड हातानं चाचपून पुढच्या झाडाकडे जात होती. वरच्या फांद्यांना अजून बरीच फळं होती. मी छत्री घेऊन बांधावर उभा होतो. हिंदुरावांशी पाळी बदलली, एवढंच मी तिला सांगितलं होतं.

पलीकडून हिंदुराव आले. यशोदेनं पदर सावरला आणि म्हणाली, “हिंदुराव, तुमचे फार उपकार झाले. तुमचा ऊस रात्री कोण भिजवणार?”

“मी हाय की. त्यात काय येवढं?” हिंदुराव म्हणाले. “आन् उपकार कसलं, वैनी? म्या कुटं फुकट दिली पाळी? वकीलसाहेबांनी भर बंगल्यात जितून घितली. लई वस्ताद मानूस. माज्या हातात तीन राजं हुतं तरी मला पत्तं टाकाय लावलं.”

यशोदेनं माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. चिखलाचे हात ओच्याला पुसत म्हणाली, “खरंच जिंकलात?”

हिंदुराव शेजारी उभे होते. तोंडावर ते हसू पुन्हा आलेलं. त्यांनी मला पाणी दिलं होतं, आणि वर माझी अब्रूही मला परत देत होते. मागितली नव्हती तरी देत होते! असल्या माणसाशी भांडायचं कसं हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. माझ्या कानशिलांच्या शिरा तडतडायला लागल्या.

“हो,” मी म्हणालो. “जिंकलो.”

आणि मग गेणबावर ओरडलो. “अरे ए! झोपलास काय? आळं भरून पाणी बाहेर चाललंय, दिसत नाही?” पाणी कुठंही बाहेर चाललेलं नव्हतं. गेणबानं माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि पुढच्या आळ्याचं दार फोडलं.